वाचकांचे प्रश्न : बाण एकच काढला, रेषा किती आल्या?

या महिन्यात इन्हेरिटन्सवर, म्हणजे प्रोग्रॅमिंगमध्ये एका क्लासने (एका प्रकारच्या गोष्टींच्या साच्याने) दुसऱ्याकडून वारसा घेण्यावर, इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. कॉलेजवाले आहेत, नोकरीवाले आहेत, पण अडतायत सगळे साधारण एकाच जागी. पेरेंट म्हणजे वरच्या क्लासची फील्ड (माहितीचे रकाने) आणि मेथड (करायची कामं) सबक्लासला, म्हणजे खालच्या क्लासला, मिळतात हे सगळ्यांचं पाठ आहे, पण पेरेंटची बाकीच्या क्लासशी जी नाती आहेत ती पण डायग्राममध्ये इन्हेरिटन्स दाखवणाऱ्या त्याच बाणातून खाली येतात, आणि ती नको असली तरी येतात, हे कुणी बघतच नाही. निवडक चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टला बँकेची सिस्टीम घेतलीये. 'खातं' हा पेरेंट क्लास, त्याखाली बचत, चालू, एफडी, पीपीएफ, सुकन्या असे सबक्लास. 'खातं' पासून खातेदार, व्यवहार, नॉमिनी आणि चेकबुक अशा चार क्लासना असोसिएशन (नात्याची रेषा) आहे. मी प्रत्येक सबक्लासपासून पण खातेदारला वेगळी रेषा काढली होती, तर एक्स्टर्नल म्हणाले ह्या रेषा कशाला. ग्रुपमधले म्हणतात काढल्याच पाहिजेत नाहीतर नातं कळणार कसं. आणि दुसरं असं की खात्याला खातेदार एक किंवा अनेक असं लिहिलंय पण पीपीएफला जॉइंट चालत नाही, मग तिथे काय लिहू? – द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : एक्स्टर्नलचं बरोबर आहे. बाण काढला म्हणजे तू असं म्हटलंस की प्रत्येक बचत खातं हे 'खातं' आहेच, मग 'प्रत्येक खात्याला खातेदार असतो' हे वाक्य बचत खात्याला आपोआप लागू झालं, ते परत सांगायची गरज नाही. आणि परत सांगितलंस तर नुसती पुनरुक्ती होत नाही, अर्थ बदलतो. युएमएलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरचे आराखडे काढायच्या ह्या पद्धतीत, प्रत्येक रेषा हे एक स्वतंत्र नातं असतं, त्यामुळे तुझ्या डायग्रामनुसार बचत खात्याची खातेदाराशी दोन वेगवेगळी नाती झाली, एक वरून आलेलं आणि एक स्वतःचं, आणि कोड लिहिणारा दोन याद्या करून बसेल. एकीत नाव भरलं आणि दुसरीत राहिलं की झालाच घोळ. आणखी एक, खातेदारांची यादी पेरेंटमध्ये प्रायव्हेट आहे म्हणून नातं खाली आलं नाही असं काहीजण समजतात. सबक्लासला ती यादी थेट दिसत नाही एवढंच, पण प्रत्येक बचत खात्याच्या ऑब्जेक्टमध्ये (त्या साच्यातून घडलेल्या प्रत्यक्ष खात्यात) ती असतेच.

ह्याचा फायदा कुठे होतो बघ. बँकेतल्या ठेव खात्याला पूर्वी एकच नॉमिनी लावता यायचा, १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत लावता येतात, बँकिंग कायद्यातल्या दुरुस्तीमुळे. तुझ्या डायग्राममध्ये हा बदल एका ठिकाणी होतो, 'खातं' ते 'नॉमिनी' या रेषेवर ० ते १ च्या जागी ० ते ४ लिहायचं, की बचत, चालू, एफडी सगळ्यांना लागू. सबक्लासपासून पाच रेषा काढल्या असत्यास तर पाच ठिकाणी खोडाखोड, आणि त्यातली एक हमखास राहणार.

पण त्याच रेषेने तुझा पीपीएफ पण ओढला गेला, आणि इथे मला तू थांबायला हवंय. पीपीएफ आणि सुकन्या बँकेच्या काउंटरवर उघडता येतात पण त्या योजना केंद्र सरकारच्या, त्यांचे नियम सरकार ठरवतं, बँकिंग कायद्यात बदल झाला म्हणून त्यांचा नॉमिनीचा नियम बदलला असं धरून चालता येत नाही. तू पेरेंटच्या रेषेवर आकडा बदललास आणि कुणी न सांगता पीपीएफचाही नियम बदलून टाकलास. उद्या कुणी उत्साहात लॉकर पण 'खातं' च्या खाली घालेल, कारण त्यालाही खातेदार असतो, नॉमिनी असतो. पण ठेवीला चारही नॉमिनी एकाच वेळी टक्केवारी ठरवून लावता येतात किंवा एकानंतर एक असे क्रमाने, तर लॉकरला फक्त क्रमानेच. रेषा दिसायला तीच, चालायचा नियम वेगळा. शिवाय लॉकरला शिल्लक नाही, व्याज नाही. लॉकर हा वेगळा क्लास ठेव आणि त्याला त्याची स्वतःची नॉमिनीची रेषा दे.

चेकबुकची रेषा तर मी तुला आत्ताच खाली आणायला सांगेन. तू 'खातं' पासून चेकबुकला शून्य किंवा अनेक असं लिहिलं असशील आणि वाटत असेल की एफडीला शून्य चेकबुक, बसतंय की. कागदावर बसतं. पण त्या नात्यासोबत 'चेकबुक द्या' ही मेथड 'खातं' मध्ये आली ना, मग ती एफडीवरही मागवता येते, कंपायलर (कोड चालवण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम) काही बोलत नाही, आणि तुला एफडीच्या क्लासमध्ये ती ओव्हरराइड करून, म्हणजे नव्याने लिहून, 'ही सोय उपलब्ध नाही' असा एक्सेप्शन (चालताना येणारी चूक) टाकावा लागतो. सबक्लासमध्ये असा एक्सेप्शन टाकायची वेळ आली की समजायचं रेषा चुकीच्या मजल्यावर लागलीये. बचत आणि चालू यांच्यावर 'चेकची सोय असलेलं खातं' असा एक मधला क्लास घाल आणि रेषा तिथून काढ.

आता पीपीएफचा खातेदार. युएमएल २ मध्ये ह्याची सोय आहे, सबक्लासमध्ये तेच नातं पुन्हा लिहून 'हे वरच्या नात्याची नवी व्याख्या आहे' असं दाखवता येतं आणि एक किंवा अनेकच्या जागी फक्त एक लिहिता येतं. व्हायवाला एवढं पुरेल. पण कोड लिहिताना ते पुरत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. समज 'खातं' मध्ये 'खातेदार जोडा' अशी मेथड आहे आणि जॉइंट खात्याचा फॉर्म भरून घेणारा क्लास फक्त 'खातं' ओळखतो, समोर बचत आहे का पीपीएफ त्याला माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नसावी, म्हणून तर इन्हेरिटन्स वापरलं. तो दुसरा खातेदार जोडायला जातो आणि पीपीएफ नाही म्हणतं. फॉर्मवाल्या क्लासची काही चूक नाही, त्याला 'खातं' ने शब्द दिला होता की एकापेक्षा जास्त चालतील, तो शब्द सबक्लासने मोडला. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या भाषणात आणि मग १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबतच्या पेपरमध्ये हेच नेमकं मांडलं, की पेरेंटबद्दल जे खरं धरून बाकीचा प्रोग्रॅम चालतो ते सबक्लासबद्दलही खरं राहिलं पाहिजे.

त्यातही एक बारकावा लक्षात ठेव. नातं नुसतं वाचायचं असेल तर अरुंद केलेलं चालतं, 'खातेदारांची यादी द्या' म्हटल्यावर पीपीएफने एकाच नावाची यादी दिली तर कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते लिहिताना. म्हणून 'खातं' मध्ये खातेदार फक्त वाचायची सोय ठेव आणि 'खातेदार जोडा' ही मेथड ज्यांना जॉइंट चालतं त्यांच्याकडेच दे. जावा या भाषेच्या ॲरेमध्ये (एका प्रकारच्या गोष्टींच्या यादीत) हाच घोळ भाषेनेच करून ठेवलाय: स्ट्रिंगचा (मजकुराचा) ॲरे ऑब्जेक्टचा (कुठल्याही वस्तूचा) ॲरे म्हणून पुढे देता येतो, वाचायला काही अडचण नाही, पण त्यात कुणी आकडा टाकायला गेलं की कंपाइल झालेला प्रोग्रॅम चालताना ॲरेस्टोअरएक्सेप्शन देऊन पडतो.

सबमिशनच्या आधी एक काम कर. 'खातं' ला लागलेली प्रत्येक रेषा, त्यावरचा आकडा आणि त्या नात्याच्या मेथड, प्रत्येक सबक्लासचं नाव घालून मोठ्याने वाच. 'एफडीला चेकबुक द्या.' 'सुकन्याला दुसरा खातेदार जोडा.' ज्या वाक्याला तुझी जीभ अडखळेल ती रेषा खाली न्यायची.

प्रश्न : आम्ही डिस्ट्रिब्युटर लोकांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो, जावा. माझ्या आधीच्या कुणीतरी 'बिलाच्या ओळी' नावाचा क्लास ॲरेलिस्ट (जावातली तयार यादी) एक्स्टेंड करून, म्हणजे तिचा सबक्लास म्हणून, लिहिलाय आणि ॲड मेथड ओव्हरराइड करून त्यात एकूण रकमेत बेरीज केलीये. हाताने ओळ टाकली की टोटल बरोबर येते पण एक्सेलमधून इम्पोर्ट केलं की टोटल शून्य. लीड म्हणतात इन्हेरिटन्स काढून कॉम्पोझिशन करा (यादी वारशाने न घेता क्लासच्या आत ठेवा). बग समजला तर आहे तसं दुरुस्त होईल असं मला वाटतं. कोण बरोबर? – डेव्हलपर, ठाणे

उत्तर : बग सांगते म्हणजे लीड का बरोबर आहेत ते तुमचं तुम्हालाच दिसेल. इम्पोर्टवाला कोड बहुतेक सगळ्या ओळी एकदम ॲडऑल या मेथडने टाकत असणार. ॲरेलिस्टचं ॲडऑल आतून ॲड बोलवतच नाही, ते सगळा ॲरे एका झटक्यात कॉपी करतं, त्यामुळे तुमची बेरीज करणारी मेथड चाललीच नाही. आणि गंमत बघा, हाच क्लास हॅशसेट (एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संच) एक्स्टेंड करून लिहिला असता तर टोटल बरोबर आली असती, कारण हॅशसेटला ॲडऑल त्याच्या वरच्या क्लासकडून मिळतं आणि ते प्रत्येक घटकासाठी ॲड बोलवतं. आता तुम्ही म्हणाल ॲडऑल पण ओव्हरराइड करतो, त्यातही बेरीज घालतो. ॲरेलिस्टवर ते चालेल, तेच हॅशसेटवर केलं तर बेरीज दुप्पट होईल. म्हणजे तुमचा कोड बरोबर का चूक हे तुमच्या क्लासवर ठरत नाही, वरच्या क्लासच्या पोटात कोण कुणाला बोलवतं ह्यावर ठरतं.

आणि ॲडऑलवर थांबत नाही. मधल्या जागी ओळ घालणारं ॲड वेगळं, सेट वेगळं, रिमूव्ह, रिमूव्हइफ, क्लिअर, इटरेटरमधून काढून टाकणं, सबलिस्टवरून बदल करणं, ह्या प्रत्येक दरवाजातून टोटल चुकवता येते. २०२३ मध्ये जावा २१ आलं तेव्हा ॲरेलिस्टला ॲडफर्स्ट, ॲडलास्ट, रिमूव्हफर्स्ट वगैरे नव्या मेथड मिळाल्या, तुम्ही व्हर्जन वाढवलं की त्या तुमच्या 'बिलाच्या ओळी' लाही मिळणार, तुम्ही एक अक्षर टाइप न करता. पेरेंटशी नातं जोडलं की त्याच्या आजच्याच नाही, पुढे येणाऱ्या सगळ्या मेथडशीही जोडलं जातं. लीडना हेच म्हणायचं असणार.

जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत पण हे झालेलं आहे. स्टॅक हा क्लास व्हेक्टर (ॲरेलिस्टसारखीच जुनी यादी) एक्स्टेंड करतो, १९९६ च्या पहिल्या व्हर्जनपासून. स्टॅक म्हणजे वरूनच ठेवायचं, वरूनच काढायचं, पण व्हेक्टरचं सगळं सार्वजनिक सामान वारशात आल्यामुळे तळाशी किंवा मधे कुठेही घुसता येतं. आता जावाचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की त्याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी वापरता येणारी रांग) वापरा, पण जुना कोड त्यावर अवलंबून आहे म्हणून नातं तोडता येत नाही.

त्याहून बोलकं उदाहरण टाइमस्टॅम्पचं. डेटाबेससाठीचा टाइमस्टॅम्प क्लास साध्या डेटचा सबक्लास आहे, वर नॅनोसेकंदांची भर. समजा दोघांत अगदी तोच क्षण ठेवला आणि डेटला विचारलं, हा टाइमस्टॅम्प तुझ्याइतकाच आहे का? तो हो म्हणतो. टाइमस्टॅम्पला विचारलं, हा डेट तुझ्याइतकाच आहे का? तो नाही म्हणतो, कारण समोरचा टाइमस्टॅम्पच नाही. बरोबरी एका बाजूने आहे आणि दुसऱ्या बाजूने नाही! असे दोघं एका यादीत मिसळले की शोधाचं उत्तर कोण कुणाला विचारतंय ह्यावर ठरतं. आणि डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय की इथलं इन्हेरिटन्स हे अंमलबजावणीपुरतं आहे, टाइपचं नाही, तेव्हा टाइमस्टॅम्पला डेट समजून वापरू नका. पण भाषेला हा फरक कळत नाही, एक्स्टेंड लिहिलं की ती दोन्ही देते. २०१४ मध्ये जावा ८ सोबत तारीख-वेळेचं नवीन पॅकेज आलं तेव्हा त्यातले लोकलडेट, लोकलडेटटाइम, इन्स्टंट हे क्लास फायनलच ठेवले, म्हणजे कुणी एक्स्टेंड करायचा प्रश्नच नाही.

तुमच्याकडे करायचं असं. 'बिल' क्लासच्या आत प्रायव्हेट लिस्ट ठेवा आणि बाहेर तीनचारच मेथड द्या: ओळ टाका, ओळ काढा, एकूण सांगा, ओळी दाखवा. इम्पोर्टवाल्यासाठी 'ओळी टाका' द्या जी आतून 'ओळ टाका' च बोलवेल, आणि हे कोण कुणाला बोलवतं ते आता तुमच्या हातात राहील. जिथे जिथे रिपोर्टचा कोड 'बिलाच्या ओळी' ला लिस्ट समजून घेत होता तिथे कंपाइल एरर येतील. घाबरू नका, त्या एरर म्हणजे लपलेल्या नात्यांची यादीच तुमच्या हातात पडली. त्यांना बदलता न येणारी कॉपी द्या. दोन दिवसांचं काम वाटतं तेवढं मोठं नसतं, आणि पुढच्या प्रत्येक टोटलच्या तक्रारीचा वेळ वाचतो.

प्रश्न : सहकारी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. 'अल्पवयीन खातं' हा 'बचत खातं' चा सबक्लास आहे, त्याला 'पालक' ची जास्तीची असोसिएशन आहे. मूल १८ चं झालं की आम्ही नवीन बचत खात्याचा ऑब्जेक्ट करून सगळं कॉपी करतो. दर वेळी काहीतरी सुटतं, कधी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, कधी नॉमिनी. काही चांगला मार्ग? – सोलापूर

उत्तर : आहे, हा सबक्लासच काढून टाका. जावात काय आणि सी प्लस प्लसमध्ये काय, ऑब्जेक्ट एकदा ज्या क्लासचा जन्मला त्याच क्लासचा राहतो. मोठं होणं हा क्लास बदलण्याचा विषय नाही, तेच खातं, तोच नंबर, तेच व्यवहार, फक्त एक नातं संपतं. पण तुम्ही वय हे क्लासमध्ये घातल्यामुळे १८ व्या वाढदिवशी जुना ऑब्जेक्ट मारून नवा जन्माला घालावा लागतो आणि त्याच्या सगळ्या रेषा एकेक करून नव्याला बांधाव्या लागतात, त्यातली एखादी सुटणारच. 'बचत खातं' पासून 'पालक' ला शून्य किंवा एक अशी साधी रेषा ठेवा आणि त्या नात्याला कधीपासून कधीपर्यंत अशा तारखा द्या. व्यवहाराला सही कोणाची चालेल हे खातेदाराच्या जन्मतारखेवरून एका नियमाच्या क्लासने ठरवू दे. असंही तुमची सध्याची रचना नियमाला पुरतच नाही, कारण १० वर्षं पूर्ण झालेलं मूल बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खातं चालवू शकतं, म्हणजे अल्पवयीन आहे पण पालक नाही असंही खातं असतं, त्यासाठी काय आणखी एक सबक्लास करणार? १८ झाल्यावर नव्या सूचना आणि सहीचा नमुना घ्यायचा असतो, तीही त्याच खात्यावरची एक नोंद.

कर्मचारी आणि ग्राहक हे 'व्यक्ती' चे सबक्लास केले असतील तर तेही याच नजरेने तपासा. तुमच्याच बँकेतला क्लार्क तिथलाच खातेदारही असतो, आणि निवृत्त झाला तरी खातं चालू राहतं. नोकरी आणि ग्राहकपण ह्या भूमिका आहेत, व्यक्तीपासून रेषेने जोडायच्या.

प्रश्न : हे इन्हेरिटन्स मुळात आणलं कुणी आणि कशासाठी? मुलगा गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतोय, त्यात हे नाहीच म्हणतो. मग आता जुनं झालं का? – निवृत्त शिक्षक, मडगाव

उत्तर : सर, नॉर्वेत ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा केली, क्लास आणि सबक्लास तिथून आले. पुढे २००१ चं संगणकशास्त्रातलं ट्युरिंग अवॉर्ड दोघांना मिळालं. ते सिम्युलेशनची (खऱ्या घडामोडींची संगणकावर नक्कल करायची) भाषा करत होते आणि त्यांच्यासमोर पुलावरच्या टोलनाक्याचं उदाहरण होतं: रांग एक, पण रांगेत ट्रक, बस, मोटारी अशी वेगवेगळी वाहनं. ट्रकची माहिती वेगळी, बसची वेगळी, तरी रांगेत उभं राहण्याचं नातं सगळ्यांचं सारखं. ते नातं एकदाच लिहायचं आणि प्रत्येक प्रकाराला द्यायचं, ह्या गरजेतून ही कल्पना पुढे गेली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण कॉलेजात शिकवताना 'कोड परत लिहावा लागत नाही' हे पहिलं कारण सांगतात, आणि मुलं मग दोन मेथड वाचवण्यासाठी कशालाही कशाचा सबक्लास करतात.

जुनं झालं नाही, पण सक्तीचंही राहिलं नाही, आणि ते सुरुवातीलाही सगळ्यांना अटळ वाटलं नव्हतं. ॲलन के यांच्या स्मॉलटॉक या भाषेच्या १९७२ च्या आवृत्तीत इन्हेरिटन्स नव्हतं, ते १९७६ च्या आवृत्तीत आलं. गो २००९ मध्ये जाहीर झाली, तिने टोलनाक्याची गरज इंटरफेसने भागवली. रांगेला ज्या मेथड लागतात त्या ज्याच्याकडे आहेत तो रांगेत उभा राहू शकतो, त्याला कुणाचा सबक्लास असावं लागत नाही. मुलगा कदाचित एम्बेडिंग (एकाच्या आत दुसरं ठेवणं) दाखवून म्हणेल की हे तेच आहे. ते तसं नाही. गोमध्ये 'बचत' च्या आत 'खातं' एम्बेड केलं तर खात्याच्या मेथड बचतवर थेट वापरता येतात, लिहिण्याचे कष्ट वाचतात, पण 'खातं' मागणाऱ्या फंक्शनला 'बचत' दिलं तर कंपायलर ते घेत नाही, आतलं खातं काढून द्यावं लागतं.